हाताला दोष देण्याआधी कागद पाहा

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचायला बसण्याआधी घरातल्या दोन वस्तू शोधून आणा. एक म्हणजे जुन्या चकचकीत कॅलेंडरचे पान आणि दुसरी म्हणजे किराणा दुकानातून सामान येते ती खाकी कागदाची पिशवी. आता फळ्यावर लिहायचा रंगीत खडू घ्या आणि सारखाच जोर देऊन दोन्हींवर एकेक रेघ ओढा. खाकी कागदावर रेघ ठसठशीत उमटेल. कॅलेंडरवर खडू किर्र करून घसरेल आणि मागे राहील ती एक फिकट, तुटक खूण. बोट फिरवलेत तर तीही जाईल.

हात तोच, खडू तोच, जोर तोच. बदलला तो फक्त कागद. मला आज जे सांगायचे आहे ते एवढ्यातच आहे, पण ते पटायला मला स्वतःला पंधराएक वर्षे लागली. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९९३ साली मी आठवीत होतो. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती आणि रंग कोरडे खडू, म्हणजे ज्यांना चित्रकार पेस्टल म्हणतात ते वापरायचे होते. (तुमच्या दप्तरातले 'ऑइल पेस्टल' वेगळे. त्यांत मेण आणि तेल असते, त्यामुळे ते चिकटून बसतात. कोरड्या पेस्टलमध्ये रंगाची पूड, खडूसारखी पांढरी पूड आणि ती जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक, इतकेच असते.) कागद ज्याचा त्याने आणायचा होता. माझ्या वडिलांनी मोठ्या हौसेने एका छापखान्यातून कागद मिळवला. त्या कागदाचे नावच 'आर्ट पेपर'! पांढराशुभ्र, जाड, आरशासारखा गुळगुळीत. चित्रासाठी याहून चांगला कागद कोणता असणार, असे आम्हां दोघांनाही वाटले.

त्या कागदावर माझे खडू चालेनात. मी जोर केला तेव्हा खडू मोडला. आणखी जोर केला तेव्हा कागदावर चकाकणारे ओरखडे उठले. शेजारचा मुलगा साध्या, किंचित खरबरीत कार्ट्रिज कागदावर मजेत आभाळ रंगवत होता. आमच्या सरांनी माझे चित्र उचलून पाहिले आणि म्हणाले, "तुझ्या हातात चित्र नाही रे." सर मनाने वाईट नव्हते. त्यांनी जे दिसले त्यावरून निष्कर्ष काढला. मी मात्र तो निष्कर्ष खरा मानला आणि पुढे चित्रे काढणे सोडून दिले.

पुढे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागलो. एकदा घर्षणाच्या प्रकरणासाठी वेगवेगळे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विद्यार्थ्यांना दाखवत होतो. त्यात सहज म्हणून एका मासिकाच्या मुखपृष्ठाचा तुकडा ठेवला आणि मला ती स्पर्धा आठवली. 'आर्ट पेपर' हे छापखान्याच्या धंद्यातले नाव आहे. कागदावर पांढऱ्या चिनी मातीचा किंवा खडूच्या अतिबारीक पुडीचा लेप देतात आणि तो लोखंडी रुळांतून दाबून घोटतात, की झाला आर्ट पेपर. छायाचित्रे छापायला तो उत्तम. कोरड्या खडूने चित्र काढायला त्याच्याइतका नालायक कागद शोधून सापडणार नाही. 

आता हे असे का होते ते पाहू. खडूने ओढलेली रेघ म्हणजे खडूची झीज होय. कागद हा खडूला कानशीसारखा घासतो, खडूचे कण सुटतात आणि कागदाच्या खाचांत जाऊन बसतात. तेव्हा कागदाने दोन कामे करायची असतात. एक म्हणजे कण काढायचे आणि दुसरे म्हणजे काढलेले कण धरून ठेवायचे. साधा कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा गुंता असतो. एकेक तंतू साधारण १५ ते ४० मायक्रॉन रुंद असतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.) या तंतूंच्या मधल्या दऱ्यांमध्ये खडूच्या कणांना जागा मिळते. आर्ट पेपरमध्ये या दऱ्या लेपाने बुजवलेल्या असतात. कण निघत नाहीत आणि निघालेच तर राहायला घर नाही!

कागदाच्या या खरबरीतपणाला आपण 'दाणा' म्हणू. दाणा डोळ्यांनी पाहायचा असेल तर रात्री खोलीतले दिवे घालवा, कागद टेबलावर ठेवा आणि बॅटरीचा झोत कागदाला जवळजवळ समांतर येईल असा बाजूने टाका. उन्हे कलली की शेतातल्या ढेकळांच्या सावल्या लांब पडतात ना, तसेच इथे होते. एरवी सपाट दिसणारा कागद डोंगराळ दिसू लागतो. कागदाच्या दोन्ही बाजू तपासा. पुष्कळदा त्या सारख्या नसतात आणि तुम्ही इतके दिवस चुकीच्या बाजूवर चित्र काढत होता, असाही शोध लागेल.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त आहे. विद्यार्थ्याने तारेची जाडी चुकीची मोजली, तर आम्ही आधी त्याला रागवत नाही. स्क्रू गेज रिकामे बंद करून पाहतो की काटा शून्यावर येतो की नाही. येत नसेल तर तो उपकरणाचा दोष, म्हणजे 'झीरो एरर'. तो वजा केल्यावर जी चूक उरेल ती विद्यार्थ्याची. चित्रकलेच्या तासाला ही शिस्त मला कुठे दिसत नाही. तिथे उपकरण तपासलेच जात नाही, आणि सगळी चूक हातावर टाकली जाते. याविषयीच माझी तक्रार आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, मोठे चित्रकार तर कशावरही चित्र काढतात!" नाही हो. मोठे चित्रकार कागदाच्या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त चिकित्सक असतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आल्ब्रेख्ट ड्यूरर नावाचा मुलगा राहत होता. पुढे तो युरोपातला थोर चित्रकार झाला. १४८४ साली, तेरा वर्षांचा असताना त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. हे चित्र पेन्सिलीने काढलेले नाही. चांदीच्या टोकदार काडीने काढलेले आहे! आता घरातल्या एखाद्या चांदीच्या दागिन्याची कड वहीच्या कागदावर ओढून पाहा (आईला विचारून, बरे का). जवळजवळ काहीच उमटणार नाही. मग ड्यूररचे चित्र उमटले कसे?

त्या काळी कागदाला आधी अस्तर देत असत. इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास चित्रकारांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात हाडे जाळून त्यांची राख खलून बारीक कशी करायची, याची कृती दिली आहे. अशी राख सरसात मिसळून कागदावर तिचा पातळ हात देत. हाडाच्या राखेतले खनिज चांदीपेक्षा कठीण असते. त्यामुळे त्या अस्तरावर चांदी झिजते आणि करडी रेघ उमटते. याच तत्त्वाचा दाखला तुमच्याही घरी असेल. चुना दिलेल्या भिंतीवर किल्लीचे टोक ओढले तर काळपट रेघ उठते आणि तुम्हांला बोलणी बसतात! तेरा वर्षांच्या ड्यूररच्या हाताचे कौतुक सगळे करतात आणि ते करायलाच हवे. पण त्या कागदाला अस्तर दिलेले नसते तर तो हात कोणाला दिसला असता?

दुसरे उदाहरण फ्रान्समधल्या एदगार दगा या चित्रकाराचे. नर्तकींच्या पेस्टल चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याने पुष्कळ चित्रे ट्रेसिंग पेपरवर, म्हणजे नितळ कागदावर काढली. "पाहा, गुळगुळीत कागदही चालतो!" असे म्हणण्यापूर्वी पुढचे ऐका. दगा एक थर दिला की त्यावर चिकट द्रव फवारून तो पक्का करी आणि मग त्यावर दुसरा थर देई. पहिला पक्का झालेला थर दुसऱ्यासाठी खरबरीत पृष्ठभाग होई. कागदाला दाणा नव्हता, तो त्याने स्वतः तयार केला.

आपल्याकडची परंपरा मात्र बरोबर उलटी होती आणि तेही समजून घेण्यासारखे आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथे फार जुन्या काळापासून हाताने कागद बनवत आले आहेत. जुन्या देशी कागदाला पिठाची खळ लावून, तो वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकचकीत करत. कारण त्यावर बोरूने आणि शाईने लिहायचे असे. शाई पाण्याची. तंतूंच्या मधल्या फटी उघड्या राहिल्या तर केशाकर्षणाने शाई त्यांत शिरणार आणि अक्षर फुटणार. म्हणून फटी बुजवायच्या आणि वरून घोटायचे. लघुचित्रे रंगवणारेही अनेक कागद एकावर एक चिकटवून, घोटून त्यावर काम करीत. म्हणजे 'चांगला कागद' असे काही सरसकट नसते. बोरूसाठी चांगला तो खडूसाठी वाईट. माझ्या वडिलांचा आर्ट पेपरही आपल्या जागी चांगलाच होता!

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी चित्राची वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, माझा हातच वाईट आहे." ती आठवीतच आहे. मला तिच्या वहीकडे पाहायचीसुद्धा गरज नव्हती, पण पाहिली. वहीचा कागद आर्ट पेपर नव्हता, पण त्याच्या वाटेवरचा होता. आम्ही दोघांनी ठरवले की आपण आपला कागद आपणच तयार करायचा. पेस्टलसाठी तयार कागद बाजारात मिळतो. तो उत्तम असतो, पण महाग असतो आणि सगळ्या गावांत मिळत नाही. सुताराकडचा बारीक पॉलिश पेपरही चालतो, त्यावर चित्रे काढणारे चित्रकार आहेत. पण तो लहान तुकड्यांत मिळतो आणि शिवाय विकत आणला तर त्यातली मजा गेली.

दाणा देण्यासाठी कोणती पूड वापरावी? पहिली कल्पना येते ती फळ्याच्या खडूची. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि फसलो. खडूवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या जातीचा, कॅल्शियम कार्बोनेटचा. आले नाहीत तर बहुधा जिप्समचा. दोन्ही मऊच. फ्रीडरिश मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठिणपणाची एक ते दहा अशी पायरी लावून दिली. तिच्यावर जिप्सम दुसऱ्या आणि चुनखडीतले कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर येते. हिरा अर्थात दहाव्या. पेस्टलच्या कांडीतही बहुतेक भर असल्याच मऊ पुडीची असते. मऊवर मऊ घासून काय होणार? कांडी झिजवायला तिच्याहून स्पष्टपणे कठीण कण हवेत. वाळूतला क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. आणि वाळू, माती यांचीच भाजलेली गोष्ट म्हणजे वीट!

पण थांबा. वीट कुटू नका. क्वार्ट्झची कोरडी, बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाणे फार वाईट असते. दगडखाणींतल्या आणि दगड फोडणाऱ्या कामगारांना तिच्यामुळे सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. ही चेष्टेची गोष्ट नाही. म्हणून आपले सगळे काम पाण्याखाली करायचे. विटेचे दोन तुकडे अर्ध्या बादली पाण्यात बुडवून एकमेकांवर घासायचे. दहापंधरा मिनिटांत पाणी लाल गढूळ होते. या गढूळ पाण्यात जाड वाळूपासून लोण्यासारख्या मातीपर्यंत सर्व आकारांचे कण असतात. आपल्याला हवे आहेत ते साधारण २० ते ५० मायक्रॉनचे. त्याहून मोठे कण खडू खाऊन टाकतात आणि बोटाची सालही काढतात. त्याहून बारीक कण पुन्हा गुळगुळीतपणा आणतात.

इतकी बारीक चाळणी घरात कुठून आणायची? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. आजी तांदूळ पाण्यात हलवून खडे तळाशी बसवते तीच युक्ती, फक्त घड्याळ लावून. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली दाखवले की द्रवात पडणारा लहान गोल कण लवकरच एका ठराविक वेगाने खाली जाऊ लागतो आणि तो वेग कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दुप्पट मोठा, तर वेग चौपट. मी गणित करून पाहिले. विटेच्या कणांची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट धरली तर ५० मायक्रॉन व्यासाचा कण साध्या पाण्यात सेकंदाला सुमारे २.२ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे १० सेंटीमीटर जायला त्याला ४५ सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर जायला जवळजवळ ५ मिनिटे लागतात आणि १० मायक्रॉनच्याला सुमारे १९ मिनिटे. विटेचे कण काही गोल नसतात, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण आपल्या कामाला पुरेसे आहेत. (तुमच्यापैकी अकरावीत जाणाऱ्यांनी हे गणित स्वतः करावे. माझी चूक सापडली तर जरूर कळवावे.)

तेव्हा एका उभट भांड्यात तळापासून १० सेंटीमीटर उंचीपर्यंत गढूळ पाणी घ्या. चांगले ढवळा, थांबा आणि ४५ सेकंद मोजा. वरचे पाणी हलक्या हाताने तशाच दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहिले ते जाड, ते आपल्याला नको. दुसरे भांडे ढवळा आणि ५ मिनिटे शांत ठेवा. आता वरचे पाणी बाजूला काढा. तळाशी जो लाल गाळ उरला तो आपला माल! मात्र बारीक कणांपैकी जे आधीच तळाजवळ होते तेही त्यात येऊन बसलेले असतात. म्हणून गाळात पुन्हा १० सेंटीमीटरपर्यंत स्वच्छ पाणी घालून हीच ५ मिनिटांची क्रिया आणखी दोनतीन वेळा करा. दर वेळी वरचे पाणी अधिक स्वच्छ येताना दिसेल. सुताराच्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवरचे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे असतात. म्हणजे आपण घरबसल्या, एक पैसा खर्च न करता साधारण त्याच मापाचे कण निवडले.

चिकटवण्यासाठी खळ. एक चमचा मैदा दहा चमचे पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी नितळ दिसू लागली की उतरवा, गार करा, फडक्यातून गाळा. मोरचूद घालून खळ टिकवण्याचा जुना सल्ला तुम्हांला कोणी देईल. तो ऐकू नका, मोरचूद विषारी असतो. लागेल तेवढी ताजी खळ करावी. खळीचा एकच मोठा तोटा म्हणजे पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसर तर तिच्यावरच जगते. चित्र टिकवायचे असेल तर खळीऐवजी सुताराचा पांढरा गोंद दुप्पट पाण्यात पातळ करून वापरा.

गाळ आणि खळ यांचे प्रमाण किती? हे मी सांगणार नाही असे नाही, पण माझे प्रमाण तुमच्या विटेला लागू पडेलच असे नाही. तीन पट्ट्या करा. एकीसाठी एक भाग गाळाला एक भाग खळ, दुसरीसाठी दोन भाग, तिसरीसाठी चार भाग. रुंद ब्रशने एक हात आडवा द्या आणि तो वाळल्यावर एक उभा. पूर्ण वाळल्यावर ओल्या फडक्यावर बोट टेकवून पट्टीवर फिरवा. बोटाला लाल रंग लागला तर खळ कमी पडली आणि कण सुटताहेत. मग पेस्टल ओढा. कांडी घसरली तर खळ जास्त झाली आणि कण तिच्यात बुडाले. या दोन्हींच्या मधली पट्टी तुमची. सुटणारी पट्टी कोरडी घासू मात्र नका, कारण वर सांगितलेच आहे.

आमचा पहिला कागद वाळल्यावर पन्हाळी कौलासारखा वाकला. पुतणी हिरमुसली. मला मात्र आनंद झाला, कारण हेही शिकवण्यासारखे होते! ओला झाला की कागदाचा तंतू जाडीने फुगतो, लांबीने फारसा नाही. कागद पसरतो. मग खळ वाळताना आकसते आणि कागदाची एकच बाजू ओढून धरते. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूलाही नुसत्या खळीचा एक हात द्यायचा. दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ लागली की कागद सपाट राहतो. अगदीच थोडा बाक उरला तर पूर्ण वाळल्यावर दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवावा.

कागद विटकरी रंगाचा होतो, ही या पद्धतीतली मोठीच गंमत. पांढऱ्या कागदावर प्रत्येक कोपरा रंगवून झाकावा लागतो. रंगीत कागद हा मधला सूर आधीच देऊन ठेवतो. त्यावर फिक्या कांडीने उजेड आणि गडद कांडीने सावली द्यायची, की चेहरा उठून दिसतो. युरोपात अठराव्या शतकात पेस्टलची व्यक्तिचित्रे फार लोकप्रिय होती. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा ही त्यातली नामांकित चित्रकर्ती आणि ती निळसर कागद वापरत असे. आपला विटकरी. माझ्या पुतणीने त्यावर पहिले चित्र काढले ते पावसात भिजलेल्या एका म्हशीचे. म्हशीच्या पाठीवरची ओली चमक पांढऱ्या खडूच्या चार फटक्यांत आली आणि ती माझ्याकडे पाहून काहीच बोलली नाही.

तिचा हात एका रात्रीत सुधारला, असे मी म्हणत नाही. म्हशीचे मागचे पाय चुकलेच होते! ती चूक हाताची आणि नजरेची, तिला सराव हाच उपाय आहे. पण आता ती चूक तिला स्वतःला दिसली. आधी घसरणाऱ्या खडूच्या गोंधळात काहीच वेगळे काढता येत नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा, हा प्रयोगाचा पहिला नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ करता. तोच चित्रकलेच्या तासाला का विसरायचा? एकाच हाताने, एकाच कांडीने दोन कागदांवर काढा. मग एकाच कागदावर दोघांनी काढा. कोणता फरक कशामुळे पडतो ते मग आपोआप कळेल.

माझे एक मित्र शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना मी हे सर्व सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो. मला आठवड्याला दोन तास मिळतात, वर्गात साठ मुलं. विटा कुठे घासत बसू?" त्यांची अडचण खरी आहे आणि ती मी थट्टेवारी नेणार नाही. पण माझे म्हणणे असे की सत्रातला एक तास, फक्त एक, विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. गाळ एका गटाने करावा आणि खळ दुसऱ्याने. आणि तेवढेही जमत नसेल तर निदान स्पर्धेच्या आधी सर्व मुलांना एकाच जातीचा कागद द्यावा आणि त्याचा एक तुकडा आठ दिवस अगोदर सरावाला द्यावा. आज काय होते? ज्याच्या घरी योग्य कागद आणून देणारे कोणी आहे त्याला 'हात चांगला' असे प्रशस्तिपत्र मिळते. बाकीच्यांपैकी किती मुलांनी माझ्यासारखे खडू ठेवून दिले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मला ती गोष्ट अन्यायाची वाटते. तुमच्या शाळेत असे चालत असेल तर हा लेख सरांना किंवा बाईंना दाखवायला हरकत नाही. मात्र नम्रपणे दाखवा!

आणखी एक कानगोष्ट. वरून काढून टाकलेले लालसर पाणी फेकू नका. ते रात्रभर ठेवले की तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो. तो खळीत मिसळून कागदावर दिला की पेन्सिलीसाठी आणि कोळशासाठी फार छान, मऊ दाण्याचा कागद होतो. आमच्याकडे खिडकीत आता तीन बाटल्या असतात. त्यांवर पुतणीने '४५ सेकंद', '५ मिनिटे' आणि 'रात्रभर' अशा चिठ्ठ्या डकवल्या आहेत. जाड वाळू आणि उरलासुरला गाळ मात्र मोरीत ओतू नका, कुंडीत किंवा परसात टाका. आमची मोरी तुंबली तेव्हा नळ दुरुस्त करणाऱ्याने आत सळई घालून अर्धी वाटी वीट बाहेर काढली आणि आमच्याकडे फार विचित्र नजरेने पाहिले.